हार्ड डिस्क नव्या संगणकात बसली, पण संगणक सुरू होईना

पेढीवरचा जुना संगणक एके दिवशी बंद पडतो. मदरबोर्ड गेला, असे दुरुस्ती करणारा सांगतो. हार्ड डिस्क मात्र शाबूत असते. मग घरातील एखादा जाणता मुलगा ती डिस्क काढून नव्या संगणकात बसवतो आणि काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढीच ओळ उमटते. महिन्याची ११ किंवा २० तारीख जवळ आलेली असते, जीएसटीची विवरणपत्रे भरावयाची असतात आणि टॅलीतील सारा हिशेब त्या डिस्कवर असतो. अशा प्रसंगी घाबरून केलेली दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षा महाग पडते. ही ओळ दिसली म्हणजे हिशेब नष्ट झाला असे मुळीच नव्हे. बहुतेक वेळा माल कोठारात सुखरूप असतो. हरवलेला असतो तो फक्त कोठाराच्या दाराचा पत्ता.

संगणकाचे बटण दाबल्यावर प्रथम जागे होते ते मदरबोर्डवरील एक छोटे सॉफ्टवेअर. त्याला पूर्वी बायोस म्हणत, आता त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. हे सॉफ्टवेअर डिस्कवरील 'बूट लोडर' नावाचा छोटा प्रोग्राम शोधते आणि तो प्रोग्राम पुढे विंडोजला जागे करतो. ही साखळी एका कडीपाशी तुटली तरी विंडोज सुरू होत नाही, जरी ते डिस्कवर जसेच्या तसे असले तरी.

जुन्या पद्धतीत बूट लोडरची पहिली पायरी डिस्कच्या अगदी आरंभी, ५१२ बाइटच्या एका कप्प्यात असते. त्यास एमबीआर म्हणतात. त्यातील ४४६ बाइट आरंभाच्या आज्ञांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या चार विभागांच्या नोंदीसाठी आणि उरलेले २ बाइट खुणेसाठी राखलेले असतात. १९८३ साली आयबीएमच्या एक्सटी संगणकाबरोबर आलेली ही व्यवस्था दीर्घकाळ टिकली. परंतु तिच्यात सुमारे २ टेराबाइटच्या पुढची डिस्क पूर्णपणे मावत नाही. नव्या पद्धतीस जीपीटी म्हणतात. तीत विभागांच्या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते आणि बूट लोडर एका स्वतंत्र लहान विभागात असतो.

येथेच एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. नव्या पद्धतीत 'विंडोज कोठून सुरू करावयाचे' याची नोंद डिस्कवर नसून मदरबोर्डच्या स्मृतीत असते. डिस्क हलली, पण नोंद जुन्या मदरबोर्डवरच राहिली. बँकेची शाखा बदलली की ग्राहकाचे पैसे बुडत नाहीत, तथापि नव्या शाखेतील कारकुनाला त्याचे खाते ओळखता येत नाही. तसाच हा प्रकार आहे.

दुरुस्तीचा क्रम चुकला तर नुकसान होते, म्हणून क्रम महत्त्वाचा. पहिले काम संगणक सुरू करण्याचे नव्हे, हिशेब वाचवण्याचे. डिस्क काढून ती यूएसबी केसमधून दुसऱ्या चालू संगणकास जोडावी. त्या वेळी विंडोज कधी 'इनिशियलाइज' करू का, तर कधी 'फॉरमॅट' करू का, असे विचारते. दोन्हींस नकार द्यावा. या एका होकारामुळे वर्षानुवर्षांचे हिशेब अडचणीत येऊ शकतात. डिस्क उघडली की टॅलीचे डेटा फोल्डर, बिलांच्या फाइली आणि ई-मेलचा साठा दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून घ्यावा. फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचा इशारा आला तर 'कंटिन्यू' दाबावे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र सर्व प्रयत्न तेथेच थांबवून ती डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी.

याच टप्प्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. विंडोजमध्ये बिटलॉकर नावाची कुलूपबंदी असते आणि पुष्कळ नव्या लॅपटॉपवर ती मालकाच्या ध्यानीमनी नसता सुरू झालेली असते. एरवी तिची किल्ली मदरबोर्डवरील एका चिपच्या साहाय्याने आपोआप लागते. डिस्क दुसरीकडे गेली की ती चिप मागे राहते आणि उरतो तो केवळ ४८ अंकांचा आधार. तो बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेला असतो, किंवा कोणी छापून ठेवलेला असतो. तो कोठेच नसेल, तर कोणताही तंत्रज्ञ ते कुलूप उघडू शकत नाही.

हिशेब सुरक्षित झाला की मग डिस्क नव्या संगणकात बसवून निदान करावे. सुरू होताना एफ-२ किंवा डिलीट कळ दाबून सेटअपमध्ये जावे आणि डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. नाव दिसत नसेल तर दोष बूट लोडरचा नाही. वायर सैल आहे, वीज पोहोचत नाही, किंवा त्या खाचेत त्या प्रकारची डिस्क चालत नाही.

नाव दिसत असेल तर पद्धत जुळते का ते तपासावे. जुन्या एमबीआर पद्धतीची डिस्क केवळ यूईएफआय जाणणाऱ्या संगणकात आरंभ करू शकत नाही. सेटअपमध्ये 'लेगसी' किंवा 'सीएसएम' हा पर्याय असेल तर तो निवडल्यावर काम होते; अनेक नव्या संगणकांत मात्र ही सोय उरलेली नाही. अशा वेळी मायक्रोसॉफ्टचे एमबीआर-टू-जीपीटी हे साधन डेटा न पुसता डिस्कची पद्धत बदलते. ते विंडोज १० मध्ये २०१७ पासून उपलब्ध आहे. तरीही प्रत काढल्यावाचून ते वापरू नये.

विंडोजची खूण उमटून मग निळ्या पडद्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे शब्द आले, तर बूट लोडरने आपले काम केलेले आहे. अडचण पुढच्या कडीत आहे. जुन्या संगणकात डिस्कची जोडणी एएचसीआय प्रकारे होती आणि नव्यात ती रेड प्रकारे ठेवलेली आहे, असे पुष्कळदा आढळते. सेटअपमधील मूळ स्थिती कागदावर लिहून घ्यावी आणि मगच ती बदलून पाहावी.

पद्धतही जुळली, तरी आरंभ होत नसेल, तर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह लावावा. त्यासाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो आणि तो मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विनामूल्य तयार करता येतो. 'इन्स्टॉल' न निवडता 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' निवडावे आणि प्रथम 'स्टार्टअप रिपेअर' करून पाहावे. त्याने भागले नाही तर कमांड प्रॉम्प्टमधून बीसीडीबूट ही आज्ञा द्यावी लागते. तिला विंडोजचे फोल्डर कोठे आहे आणि आरंभाचा विभाग कोणता हे सांगितले की ती बूट लोडरच्या फाइली नव्याने लिहिते आणि मदरबोर्डवर नोंदही करते. पेन ड्राइव्हवरून काम करताना विभागांची अक्षरे बदललेली असतात. नेहमीचा सी हा तेथे डी असू शकतो. म्हणून आधी खात्री करावी, मग आज्ञा द्यावी.

ज्या संगणकात दोन डिस्क होत्या, तेथे आणखी एक शक्यता असते. विंडोज एका डिस्कवर आणि त्याचा बूट लोडर दुसऱ्या डिस्कवर असतो. एकच डिस्क आणली तर तिजोरी आली, किल्ली राहिली, अशी गत होते. तेव्हा दुसरी डिस्कही आणावी, किंवा आणलेल्या डिस्कवर आरंभाचा विभाग नव्याने तयार करून घ्यावा.

इतके करून विंडोज सुरू झाले तरी काम संपत नाही. संगणकाबरोबर मिळालेला विंडोजचा परवाना बहुधा जुन्या मदरबोर्डशी बांधलेला असतो. टॅलीचा परवाना पुन्हा कार्यान्वित करावा लागतो. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे आणि प्रिंटरचे ड्रायव्हर तपासावे लागतात. हा सारा खटाटोप पाहता, नव्या संगणकावर विंडोज आणि टॅली नव्याने बसवून जुन्या डिस्कवरून फक्त डेटा आणणे हाच पुष्कळदा शहाणपणाचा मार्ग ठरतो. जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यात चालवण्याचा हट्ट तेव्हाच धरावा, जेव्हा एखादे जुने सॉफ्टवेअर पुन्हा मिळण्यासारखे नसेल.

ती जुनी डिस्क मात्र भंगारात देण्याची घाई करू नये. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जतन करावी लागतात. संगणक बंद पडला होता, हे सहा वर्षांपूर्वीच्या नोंदीबाबत विचारणा झाल्यावर उत्तर होऊ शकत नाही.

पूर्वीच्या पेढीत रोजमेळ, खतावणी आणि नकलवही वेगवेगळ्या असत. एक वही भिजली तरी दुसरीवरून हिशेब उभा राहत असे. संगणकाच्या काळातही तेच तत्त्व लागू आहे. बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली, टॅलीच्या परवान्याचा क्रमांक, डिस्कची पद्धत आणि तिची जोडणी या चार गोष्टी आजच एका कागदावर लिहून तिजोरीत ठेवाव्यात. रोजच्या हिशेबाची एक प्रत पेढीवर आणि दुसरी घरी असावी. संगणक ठीक चालत असताना हे काम अर्ध्या तासाचे आहे. तो बंद पडल्यानंतर त्यातले काही काम कितीही तास घालवले तरी होण्यासारखे राहत नाही.