विश्वस्तांनी वर्गात बसावे

गेल्या महिन्यात एका परिचित गृहस्थांचा दूरध्वनी आला. त्यांच्या गावी प्रौढांसाठी साक्षरतेचे व शिवणकामाचे वर्ग चालविणारी एक संस्था त्यांना कार्यकारिणीवर घेऊ इच्छीत होती. ‘‘वर्षातून चार सभा, बाकी काही काम नाही, असे म्हणतात. होकार कळवू ना?’’ त्यांनी विचारले. आपल्या समाजातील बहुतेक घरांत असे आमंत्रण केव्हा ना केव्हा येतेच. म्हणून त्यांना जे सांगितले, ते वाचकबंधुभगिनींपुढेही ठेवतो.

प्रथम कायद्याची बाजू. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार हिशेब ठेवणे, त्यांचे लेखापरीक्षण करून घेणे, विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करणे, धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून स्थावर मिळकत न विकणे, ही कर्तव्ये सर्वांना ठाऊक असतात. निदान संस्थेच्या लेखापरीक्षकांना तरी असतात! परंतु त्याच कायद्याची आणखी एक अपेक्षा आहे. सामान्य शहाणपणाचा मनुष्य स्वतःचा व्यवहार जसा सांभाळील, तसा विश्वस्ताने संस्थेचा कारभार सांभाळावा. आता स्वतःच्या दुकानात वर्षातून चारच वेळा डोकावणारा व्यापारी आपल्यापैकी कोणी पाहिला आहे काय?

माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका मंडळाचा सदस्य होतो. रात्री साडेआठला भरणारा स्त्रियांचा साक्षरतावर्ग सायंकाळी पाचला भरवावा, म्हणजे पहारेकऱ्याचा जादा पगार व विजेचा खर्च वाचेल, असा ठराव ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली आला. चहा येऊन ठेपला होता. ठराव एकमताने संमत झाला. पुढील दोन सभांत हजेरीपटावर सव्वीस, सत्तावीस असे आकडे वाचून दाखविले गेले आणि आम्ही समाधान व्यक्त केले.

एके दिवशी काही कागदांवर सह्या करण्यासाठी मी पाचच्या सुमारास तेथे गेलो, तर वर्गात सात जणी होत्या. बाकीच्या घरकाम करणाऱ्या. पाच वाजता त्या दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत उभ्या असत. हे शिक्षिकेस पहिल्याच आठवड्यात कळले होते. पण संख्या घटली तर वर्ग बंद होईल, या भीतीने ती बिचारी खोटी हजेरी मांडत होती. तिला काढून टाकावे, अशी सूचना पुढील सभेत आली. तेव्हा मी इतिवृत्ताची वही उघडून ठरावाखालच्या आमच्या सह्या दाखविल्या. त्यांत माझीही होती. वेळ पूर्ववत झाली, शिक्षिका राहिली. परंतु गेलेल्या एकोणीस जणींपैकी परतल्या फक्त अकरा. त्या आठ जणींचा पत्ताही आमच्या दप्तरात नव्हता.

मुलांच्या शाळेत असे घडले असते तर पालक दाराशी आले असते. प्रौढ विद्यार्थी मात्र तक्रार करीत नाही. तो येणे थांबवितो, आणि त्याचे न येणे कोणत्याही ताळेबंदात उमटत नाही. १८५५ साली ज्योतिराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी शाळा काढली, ती रात्रीची काढली. शिकणाऱ्याचा दिवस कामात जातो, हे त्यांना कोणी अहवालातून कळवावे लागले नाही.

संख्येवर भुलण्याचा मोह मोठ्या कार्यांनाही सुटलेला नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत गावेच्या गावे साक्षर झाली, समारंभ झाले. कार्य खरोखरच थोर होते. परंतु पुढे वाचनाचा सराव न राहिल्याने कित्येक नवसाक्षर पुन्हा निरक्षर झाले. वर्ग संपल्यावर काय, हा प्रश्न शिक्षकाच्या आवाक्यातला नव्हे; तो व्यवस्थापनानेच विचारावयाचा असतो. १९६७ मध्ये मुंबईत श्रमिक विद्यापीठ या नावाने जो प्रयोग सुरू झाला, त्याच्या संस्था आज जन शिक्षण संस्थान म्हणून चालतात. २०१८ पासून त्या केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहेत. अनुदान केंद्राचे असले, तरी प्रत्येक संस्थेला स्वतःचे व्यवस्थापन मंडळ असते. शासन प्रमाणपत्रे मोजील. तो त्याचा अधिकारच आहे. पण शिवणाचे प्रमाणपत्र घेतलेल्या बाईला पुढे शिलाईयंत्र मिळाले की नाही, हे मंडळातील एखाद्या सदस्याने तिच्या घरी जाऊनच पाहावे लागते.

म्हणून त्या गृहस्थांना मी एवढेच सुचविले की होकार देण्यापूर्वी एकदा वर्गात मागच्या बाजूस तासभर बसावे, आणि मागील वर्षी शिकून गेलेल्यांची पत्त्यांसह यादी मागावी. ते जरा नाराज झाले असावेत. आठवड्याने पुन्हा दूरध्वनी आला. वर्ग आठला भरतो, खोलीत दोन दिवे आहेत, त्यांपैकी एक लागत नाही. यादी अजून मिळालेली नाही. होकार त्यांनी अद्याप कळविलेला नाही, मात्र दिवा दुसऱ्याच दिवशी स्वतः बसवून आले.