युद्धकाळात गावाची वही कुणाच्या हातात?

वाराणसीजवळच्या रामनगरात मी लालबहादूर शास्त्रींचं घर पाहिलं. १९६५ च्या युद्धकाळात त्यांनी देशाला आठवड्यातून एक जेवण सोडायला सांगितलं होतं. मला आजी आठवली. तिच्या घरी एरवीही एकच वेळ चूल पेटायची. तिचा हिशोब गावात कोण ठेवत होतं?

लढाई सीमेवर असली तरी गावात धान्य, पाणी, तंटे यांचा कारभार रोज करावाच लागतो. दुसऱ्या महायुद्धात सातारा जिल्ह्यातल्या अनेक गावांनी तो स्वतःच्या हाती घेतला. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने न्यायनिवाडे केले, गुंडांना आणि सावकारांना वठणीवर आणलं, कमी खर्चात लग्नं लावली. त्या मातीची मशागत सत्यशोधक चळवळीने केली होती. हा वारसा आपला आहे.

तरीही विचारायला हवं : निवाड्याला कोण बसलं आणि बाहेर कोण उभं राहिलं? गावाचं राज्य म्हणजे आपोआप न्याय नव्हे. म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितलं की राज्यघटनेचा घटक गाव नसून व्यक्ती आहे. सरपंचपदापर्यंतचं आरक्षण मात्र ७३ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ साली आलं.

संकट आलं की ऐकवलं जातं, ‘आत्ता जात काढू नका.’ पण टंचाईतच वाटप जातीवर जातं. आपण घरातले पहिले पदवीधर. ग्रामसभेत जाऊ या, जमाखर्चाची वही मागू या. आजीला ती वाचता येत नव्हती, आपल्याला येते.