काढा नको, टेबल फॅन चालेल

मागच्या सेमला माझ्या रूमच्या खिडकीत सात वस्तू ओळीनं मांडल्या होत्या. गुळवेलीचा रस, गोमूत्र अर्क, चेन मार्केटिंगवाल्या मित्राचा नोनी ज्यूस, अंगाऱ्याची पुडी, तांब्याचं कडं, मधमाशीचं कसलंसं मलम आणि एक काळं चूर्ण. विकत यातलं मी काहीच घेतलं नव्हतं, सगळं प्रेमाचं! रूम पार्टनर म्हणायचा, "काय राव, आपण दुकान टाकू."

सेकंड इयरला सबमिशनच्या आठवड्यात उजव्या डोळ्यानं धुरकट दिसायला लागलं. वाटलं ऑटोकॅडची कृपा. पण डोळा हलवला की दुखायचा आणि लाल रंग विटका दिसायचा. मग डाव्या पायाला मुंग्या आल्या. एमआरआय झालं, पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं आणि नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. थोडक्यात एमएस. आपल्या कॉलेजात एमएस म्हणजे अमेरिका. घरी फोनवर सांगितलं तर आईला आधी आनंदच झाला होता. तो फोन आठवला की अजून कसंतरी होतं.

इलेक्ट्रिकलवाल्यांना हा आजार दोन मिनिटांत कळतो. मज्जातंतूभोवती मायलिन नावाचं आवरण असतं, वायरीवरच्या इन्सुलेशनसारखं. ते असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला सुमारे १०० मीटरपर्यंत धावतो, ते नसलेल्या बारीक तंतूतून एखाद-दोन मीटर. एमएसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच हे इन्सुलेशन कुरतडते. कुठे कुरतडलं त्यावर डोळा जाणार की पाय, हे ठरतं. फ्रान्समध्ये शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं नीट वर्णन केलं. समूळ बरं करणारं औषध अजून नाही. अटॅक कमी करणारी औषधं मात्र १९९३ पासून आहेत आणि आता बरीच चांगली आहेत.

आता खरी गोम ऐका. बहुतेकांत हा आजार सुरुवातीला लाटांसारखा येतो. अटॅक येतो, काही आठवडे टिकतो आणि पुष्कळदा आपोआप ओसरतो. म्हणजे अटॅकच्या भरात तुम्ही काहीही घ्या, काढा घ्या नाहीतर मेसची आमटी प्या, महिन्याभरात बरं वाटण्याची शक्यता चांगलीच असते. श्रेय आमटीला! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. लॅबमध्ये आपण कंट्रोल रीडिंगशिवाय निष्कर्ष लिहिला तर सर जर्नल परत करतात. इथे मात्र "आमच्या मामांना फरक पडला" एवढं रीडिंग पुरतं.

हे शहाणपण मला आधी नव्हतं. ते काळं चूर्ण मी घेतलं. देणारे वैद्य नात्यातल्या कुणाच्या तरी ओळखीचे, गोड बोलणारे. म्हणाले, इंग्रजी औषध बंद केल्याशिवाय हे लागू पडत नाही. तेव्हा माझा अटॅक ओसरतच होता. चूर्ण सुरू केलं, पंधरा दिवसांत झकास वाटलं आणि मी गोळ्या बंद केल्या. चार महिने. पाचव्या महिन्यात सकाळी पलंगावरून उतरलो तर डावा पाय जमिनीवर होता, पण माझा नव्हता. हॉस्पिटल, सलाईनमधून स्टेरॉइड, एक सेम बुडाली. डोळा सुधारला होता तसा पाय पूर्ण सुधारला नाही. जिन्यावर मी कठडा धरतो तो त्यामुळे.

देशी उपायांवर माझा राग आहे असं समजू नका. गोऱ्यांनीही हेच केलंय. २००९ मध्ये इटलीच्या डॉ. झांबोनी यांनी मांडलं की मानेतल्या शिरा तुंबल्यामुळे एमएस होतो, त्या फुगवून मोकळ्या करा. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. जगभरचे रुग्ण शिरा फुगवून घ्यायला धावले, कॅनडातले काही तर भारतात आले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं धोक्याचा इशारा दिला. २०१७ मध्ये झांबोनी यांच्याच नेतृत्वाखालच्या चाचणीचा निकाल आला, उपयोग नाही. आपल्याच थिअरीची कंट्रोल रीडिंग घेऊन "चुकलं" असं छापणारा माणूस मला आवडतो. माझ्या चूर्णवाल्यांनी मात्र, पथ्य पाळलं नसेल, असं सांगून फोन ठेवला.

एसटी स्टँडजवळच्या भिंतींवर "लकवा, नसांचे विकार, हमखास गुण" अशा पाट्या आपण वाचतोच. मज्जासंस्थेचे आजार बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्यानं बंद आहे. पाट्या आहेत तिथेच आहेत.

योगासनं मी करतो. फिजिओथेरपीही. त्यानं तोल सुधारतो, थकवा कमी होतो, झोप लागते. इन्सुलेशन परत येत नाही, तसं माझ्या योगाच्या सरांनीही कधी म्हटलं नाही. गोळी चालू ठेवून यातलं जे मानवेल ते करावं, डॉक्टरांना सांगून करावं, एवढंच माझं म्हणणं. चूर्णाची पुडी लपवून ठेवू नका. त्यात कधी शिसं निघतं, कधी चक्क स्टेरॉइड.

मला खरा त्रास देतं ते आपलं ऊन. अंग तापलं की खराब इन्सुलेशनच्या वायरीतून संदेश आणखी अडतो. संभाजीनगरचं ४२ डिग्री आणि वरच्या मजल्याचा तापलेला स्लॅब, म्हणजे दुपारी माझा डोळा पुन्हा धुरकट. अंग थंड झालं की परत येतो. रेक्टर सरांनी एका अर्जावर तळमजल्याची रूम दिली. सातही वस्तूंनी मिळून जेवढा फरक पडला नाही तेवढा त्या सहीनं पडला.

सर आणि मॅडम, तुम्हालाही एक सांगायचं आहे. शेवटच्या बाकावर मी डोकं टेकतो तो आळस नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे. पण माझं अपंगत्व कधी जास्त, कधी कमी, ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट कोणत्या दिवशी मोजून घेऊ? फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं विकास कुमार खटल्यात सांगितलं की लेखनिक मिळायला ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. परीक्षा विभागात हे ठाऊक नव्हतं. निकालाची प्रत मी ऑफिसात दिली आहे.

आणि मित्रांनो, पेपर मे महिन्यात आहेत. जादा टेबल फॅन कुणाकडे असेल तर रूम नंबर ४ मध्ये आणून द्या. काढा आणलात तर रूम पार्टनर पितो, त्याला काही होत नाही.