विसंवादाची शिस्त

सोळाव्या शतकात पोर्तुगीज मिशनऱ्यांबरोबर युरोपचे बहुस्वर गायन गोव्याच्या चर्चमध्ये पोहोचले. त्यात प्रत्येक आवाज स्वतंत्र चालीने जातो. रोमचे रचनाकार पालेस्त्रिना (निधन १५९४) यांच्या रचनांत विसंवादालाही शिस्त आहे. जुळलेल्या दोन आवाजांपैकी एक आपला स्वर धरून ठेवतो, दुसरा पुढे सरकतो आणि खटका उडतो. मग धरून बसलेलाच एक स्वर खाली उतरतो, गोडवा परततो.

बँकेच्या नोकरीत एकत्र कुटुंबांच्या कितीतरी पेढ्या दुभंगताना पाहिल्या. मतभेद सर्वत्रच असतात. तेथे पायरी उतरणारे कुणी नव्हते. काळाबरोबर पुढे सरकलेल्या मुलाशी खटका उडाला, तर जुना स्वर धरणाऱ्या आपण ज्येष्ठांनीच आधी उतरावे. त्यात कमीपणा नाही. रचना तशीच पूर्ण होते.