वारसा नेमका कोणाचा?

न्यूयॉर्कमधील मॅनहटनच्या चायनाटाउनमध्ये १९७८ साली सुरू झालेल्या ‘जिंग फाँग’ या कँटनी उपाहारगृहाचे एलिझाबेथ स्ट्रीटवरील भोजनगृह मार्च २०२१ मध्ये बंद झाले. एका वेळी सुमारे आठशे माणसे तेथे जेवायला बसत. त्या वसाहतीत एवढे मोठे दुसरे उपाहारगृह नव्हते. वाफाळत्या डिम समचे गाडे टेबलांमधून फिरत, लग्नाच्या मेजवान्या झडत. एक वारसा लोपल्याची हळहळ खवय्यांनी व्यक्त केली. परंतु ते गाडे ढकलणाऱ्यांचे पुढे काय, हा प्रश्न त्या हळहळीत बुडून गेला.

चिनी वसाहत म्हणजे एक कुटुंब, ही समजूत मालकवर्गाच्या फार सोयीची आहे. १८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी श्रमिकांना दार बंद केले, तेव्हा तेथील चिनी माणसे परस्परांच्या आधाराने तगली, हे खरेच. पण त्याच आपलेपणाच्या आडोशाने पुढे पिळवणूक फोफावली. बक्षिसीतला हिस्सा व्यवस्थापनाला देण्यास नकार दिला म्हणून १९८० साली ‘सिल्व्हर पॅलेस’मधील वाढप्यांना कामावरून काढण्यात आले. त्या लढ्यातूनच ‘३१८ रेस्टॉरंट वर्कर्स युनियन’ जन्मास आली. ‘जिंग फाँग’ही सोवळे नव्हते. वेतन आणि बक्षिसी बुडविल्याबद्दल १९९७ साली राज्याच्या महाधिवक्त्याने त्याला न्यायालयात खेचले आणि तडजोडीत दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली. पुढे तेथेही ही युनियन उभी राहिली. संघर्षाने मिळविलेला हाच त्या जागेचा खरा वारसा!

महामारीने धंदा बुडाला, असे २०२१ मध्ये सांगण्यात आले. तोटा खोटा नव्हता. पण तो वाटला कसा गेला? इमारत जागामालकाकडे राहिली, नाव चालकांकडे राहिले आणि कामगारांच्या हाती उरले निषेधाचे फलक. जागामालकही चिनी वंशाचाच होता. पण भोजनगृह वाचविण्याच्या कामगारांच्या मागणीपुढे ते नाते उपयोगी पडले नाही. २०२२ मध्ये त्याच नावाने नव्या, पुष्कळ लहान जागेत पुन्हा पंगती बसू लागल्या. पाटी वाचली, पण पूर्वीचे सगळे रोजगार त्या जागेत मावणे शक्यच नव्हते.

म्हणूनच वारसा जपण्याची भाषा करणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे, की त्यांना पदार्थ जपायचे आहेत की माणसे? वंशाचा अभिमान भाडे माफ करीत नाही आणि थकलेले वेतनही देत नाही. ते मिळवावे लागते ते संघटनेच्याच बळावर.