विश्लेषण : योकोहामाने पाळणाघरांची प्रतीक्षा यादी ‘शून्य’ कशी केली? मुंबईने त्यातून काय घ्यावे?

एप्रिल २०१०. जपानच्या योकोहामा शहरात मान्यताप्राप्त पाळणाघरात जागा न मिळालेली १,५५२ मुले होती. देशात हा आकडा सर्वाधिक होता. तीनच वर्षांनी, १ एप्रिल २०१३ची प्रतीक्षा यादी शून्य असल्याचे तिथल्या महापालिकेने जाहीर केले. १९६५ पासून मुंबईचे भगिनी शहर असलेल्या योकोहामाने हे कसे साधले?

नेमके काय केले?
२००९ मध्ये महापौर झालेल्या फुमिको हायाशी यांनी नवी पाळणाघरे वेगाने उभारली. खासगी कंपन्यांना परवानगी दिली, रेल्वेच्या उन्नत मार्गाखालची जागाही वापरली. पण केवळ इमारती वाढवून भागले नाही. एका भागात जागा रिकाम्या आणि दुसऱ्या भागात रांग, अशी स्थिती होती. म्हणून २०११ मध्ये १८ही विभागांत पालकांना योग्य पाळणाघर शोधून देणारे सल्लागार नेमले.

जागेचे निकष काय?
जपानच्या राष्ट्रीय निकषांनुसार रांगत्या बाळामागे ३.३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३५ चौरस फूट जागा लागते. दोन वर्षांवरील मुलामागे १.९८ चौरस मीटर पुरते. एक वर्षाखालील तीन बाळांमागे एक शिक्षिका हवी. त्यामुळे सर्वात लहान मुलांची सोय सर्वात महाग पडते आणि टंचाईही तिथेच जाणवते.

मग ‘शून्य’ खरे होते का?
पूर्णपणे नाही. हवे ते पाळणाघर न मिळाल्याने रजा वाढवलेले किंवा एकाच ठिकाणासाठी अडून बसलेले पालक मोजणीतून वगळले होते. अशी १,७४६ मुले यादीबाहेर होती. त्यातच सोय झाल्याचे पाहून नवे अर्ज वाढले आणि २०१४ मध्ये यादी पुन्हा २० वर गेली.

मुंबईसाठी धडा कोणता?
मातृत्व लाभ कायद्यातील २०१७च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. पण चार घरी धुणीभांडी करणारी किंवा फुटपाथवर भाजी विकणारी आई कोणत्या आस्थापनेत मोडते? अंगणवाडी काही तासांतच सुटते. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेतील अंगणवाडी-सह-पाळणाघर हा मार्ग आहे, पण ते वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर हवे आणि आईच्या कामाच्या वेळेत उघडे हवे.

त्यासाठी महापालिकेने आधी विभागवार, वयोगटानुसार गरजू मुलांची मोजणी करावी. तीही प्रामाणिकपणे. कारण यादीत नाव नसलेले मूलही कुणाच्या तरी भरवशावर सोडावेच लागते, बहुतेकदा शाळा बुडवून घरी थांबलेल्या मोठ्या बहिणीच्या.