वयाचे कारण लेखी मागा : पांढुर्णा व सौसर येथील ज्येष्ठ नागरिकांना जाहीर आवाहन

पांढुर्णा व सौसर तहसिलींत साठी ओलांडलेला घरमालक घर तारण ठेवून कर्ज मागावयास गेला, की ‘वयात बसत नाही’ एवढ्या तोंडी उत्तरावर त्याचे कागद परत केले जातात आणि मुलाला सहकर्जदार करा, नाहीतर घरच त्याच्या नावे करून आणा, असा सल्ला वर मिळतो. हा ज्येष्ठांचा अपमान असून तो यापुढे मुकाट्याने सोसला जाऊ नये.

रिझर्व्ह बँकेच्या ३ डिसेंबर २०१४ च्या ग्राहक हक्क सनदेत लिंग, धर्म, जात यांच्याबरोबर वयावरूनही अन्याय्य भेदभाव होऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे, तर अर्ज नाकारल्याचे मुख्य कारण लेखी कळवण्याचा दंडक २००७ पासून सर्व कर्जांना लागू आहे. त्याच वर्षी ‘उलट गहाण’ योजना आली. तिच्यात साठी पूर्ण झालेला मालक स्वतःच्याच घरात राहून बँकेकडून ठरावीक रक्कम घेतो आणि वसुली त्याच्या पश्चात घराच्या किमतीतून होते. एका योजनेत साठी ही पात्रता आणि दुसरीत तोच दोष, हे कोणत्या हिशोबात बसते?

म्हातारपणी कर्ज कशाला, असे विचारणाऱ्यांनी संत्र्याची बाग पाहावी : आज लावलेले कलम चार-पाच वर्षांनी फळावर येते आणि तोवरचा खर्च ऋणपुस्तिका ज्याच्या नावे आहे त्यालाच करावा लागतो. फेडणार कोण, या प्रश्नाला तारण हेच उत्तर आहे.

म्हणून अर्ज लेखीच द्यावा, पोच घेतल्याशिवाय उठू नये, नकाराचे कारण लेखी मागावे. बँकेकडे केलेल्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जावे. लोकपाल कर्ज मंजूर करून देणार नाही, परंतु लेखी कारण दडवणाऱ्या शाखेला जाब द्यावा लागेल. कर्जासाठी घर मुलाच्या नावे मुळीच करू नये, आणि तसा आग्रह धरणाऱ्या मुलांनीही लाज बाळगावी. करणे भागच पडले, तर सांभाळाची अट दस्तात लिहून घ्यावी, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ त्या अटीवरच उभे आहे.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून छिंदवाड्याची खेप वाचली आहे. तेव्हा पोच व नकाराच्या प्रती ज्येष्ठांच्या मंडळाकडे द्याव्यात आणि मंगळवारच्या जनसुनवाईत सर्वांनी मिळून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवाव्यात.